सतराव्या क्रमांकाची प्रत

फोन सकाळी साडेदहाला आला. अक्कांच्या शेजारच्या शिवलीलाताई बोलत होत्या. "मॅडम, अक्का दार उघडेना झाल्यात ओ. तीनदा बेल वाजवली मी." मी तेव्हा पोळ्या करत होते. मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथं जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "थांबा जरा. आतून बघत असतील कोण आलंय ते. खात्री पटली की उघडतील." आणि उरलेल्या चार पोळ्या लाटून, भाजून, मग मी दिलीपना सांगितलं. जुळे सोलापुरातून मुरारजी पेठेत पोहोचेपर्यंत अकरा वाजून गेले. आमच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं तेव्हा अक्का पलंगावर कुशीवर झोपलेल्या होत्या, चादर खांद्यापर्यंत नीट ओढलेली. डॉक्टर म्हणाले, पहाटेच झोपेत गेल्या, तुमच्या अर्ध्या-पाऊण तासानं काही फरक पडला नसता. मला बरं वाटावं म्हणून ते तसं म्हणाले असतील, असा संशय मला अजून आहे.

विमलअक्का माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कोर्टाच्या नक्कल विभागात काढली. मूळ कागद डाव्या हाताला, नक्कल उजव्या हाताला, आणि दोन्हीतली अक्षरं एकेक करून ताडून पाहायची. वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झालेली असली तरी नक्कल परत जायची. सगळं जुळलं की खाली शेरा लिहायचा, सही करायची. हे काम त्यांनी इतकं मनापासून केलं की ते ऑफिसातून घरी आलं, स्वयंपाकघरात शिरलं, नात्यांतही शिरलं. भाजीवाल्याकडून आणलेली वांगी त्या घरच्या ताणकाट्याला लावून बघायच्या. फोनवर कुणी "ओळखलं का?" म्हटलं की "नाही, नाव सांगा" म्हणायच्या, मग तो सख्खा मामेभाऊ का असेना. चोविसाव्या वर्षी त्यांचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांनी कौतुकानं दाखवलेल्या पदवीच्या कागदावरचा शिक्का त्यांना खटकला. त्यांनी रीतसर पत्र लिहून चौकशी केली आणि पदवी खोटी निघाली. अक्का बरोबर होत्या. पण त्यानंतर त्यांच्यासाठी स्थळ घेऊन येणारं माणूस दोनदा विचार करायला लागलं, आणि पुढं यायचंच बंद झालं.

या घरात सून म्हणून येण्याआधी माझीही तपासणी झालेली. बघण्याच्या कार्यक्रमात माझी बी.एड.ची गुणपत्रिका अक्कांनी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली होती. पोहे खाणारी सगळी माणसं थांबली होती. नंतर त्यांनी ती घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ठीक आहे." त्या दोन शब्दांचा राग मी बत्तीस वर्षं जपून ठेवला. अक्कांची एक तरी चूक सापडावी, कुणीतरी त्यांना फसवावं आणि ते आपण त्यांना दाखवून द्यावं, अशी वाट मी पाहत असे. हे कबूल केल्याशिवाय पुढचं काही लिहिता येणार नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी अक्कांच्या ऑफिसच्या वाटेवर, एका बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीवर एक चित्र उमटलं. इरकल नेसलेली, डोळ्यांवर लालभडक गॉगल लावलेली म्हातारी, तोंडातून गुलाबी बबलगमचा फुगा काढतेय, आणि तिच्या मागं सोलापुरी चादरीवरची नक्षी, निळी आणि पिवळी. दोन पुरुष उंचीचं चित्र. मी रिक्षातून जाताना पाहिलं होतं आणि ही कसली थेरं म्हणून मान वळवली होती. अक्का मात्र रोज तिथं थांबायला लागल्या. तीन आठवड्यांनी कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी ती भिंत चुना मारून पांढरी केली. अक्का त्या दिवशी ऑफिसला उशिरा पोहोचल्या. भिंतीखाली बसलेल्या चहावाल्याला त्यांनी चित्र काढणाऱ्याचं नाव विचारून घेतलं होतं.

त्याचं नाव श्रीनिवास. विणकर पद्मशाली घरातला, कलेची पदविका घेतलेला पंचवीस वर्षांचा मुलगा. साखर पेठेत त्याच्या काकांचा स्क्रीन प्रिंटिंगचा कारखाना होता. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, टॉवेलच्या खोक्यांवरची नावं छापायची कामं. भिंतीवरचं चित्र पुसणार हे श्रीनिवासला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून त्यानं तेच चित्र काकांच्या टेबलावर पाच रंगांत कागदावर छापलं होतं. पन्नासच प्रती. प्रत्येकीखाली पेन्सिलीनं क्रमांक आणि सही. त्यानंतर ते चित्र पुन्हा कधी छापायचं नाही असा त्याचा नियम. अक्का तिथं गेल्या ती हकीकत त्यांनीच एकदा जेवताना सांगितली होती, अगदी जबानी लिहून घ्यावी तशी.

"पन्नासच छापलेस कशावरून?"

"मी सांगतोय की मॅडम."

"तू सांगतोस हे झालं तुझं म्हणणं. पुरावा काय?"

श्रीनिवासनं कोपऱ्यात उभी केलेली जाळीची चौकट आणून दाखवली. ती धुतली की चित्र गेलं, म्हणाला. अक्का म्हणाल्या, "मग धू." तो म्हणाला, उद्या धुणार आहे. "मग मी उद्या येते." आणि खरंच गेल्या. रंगाला एक अशा पाचही चौकटी धुऊन, जाळीतून पलीकडचा उजेड स्वच्छ दिसेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मग चित्र घेतलं. पन्नासातली सतरावी प्रत. तीच का, असं मी विचारलं होतं. "वरच्या सोळांत डाग होते," इतकंच म्हणाल्या.

दिलीपनी ते चित्र पाहून कपाळाला हात लावला होता. "अक्का, लोक घरात विठोबा लावतात, निसर्गदृश्य लावतात. ही गॉगलवाली म्हातारी कशाला?" अक्का चौकटीची काच पुसत होत्या. म्हणाल्या, "दिवसभर कागद बघते मी. इतक्या वर्षांत एकही कागद माझ्याकडं बघून हसला नाही."

मग ते वाढत गेलं. श्रीनिवासचं नवीन चित्र छापायचं ठरलं की अक्का रविवारी साखर पेठेत जाऊन बसायच्या. तो एकावन्नावी प्रत काढत नाही ना हे बघायला, असं त्या सांगत. कडक भाकरीचं सेलोफेनमधलं पाकीट नऊ रंगांत, शिट्टी वाजवणाऱ्या वाहतूक पोलिसाच्या टोपीवर बसलेलं कबूतर, विडी वळणाऱ्या बाईच्या सुपात चांदण्या… एकेक चित्र त्यांच्या भिंतीवर येत गेलं. निवृत्त झाल्यावर त्या इंटरनेट शिकल्या आणि बाहेरगावच्या, परदेशातल्याही भिंती रंगवणाऱ्या चित्रकारांच्या क्रमांकित प्रती मागवायला लागल्या. पुठ्ठ्याच्या लांब नळ्यांतून ती चित्रं यायची. भिंगाखाली प्रत्येक चित्र तासभर जायचं. एकदा मलाही त्यांनी भिंग दिलं होतं. "हे बघ, स्क्रीनची शाई कागदावर चढून बसते. बोट फिरवलं की कळते. यंत्रातून काढलेल्या नकलेत बारीक ठिपके दिसतात." मला ठिपके दिसले नाहीत. आयुष्यभर वांग्यांचं वजन करणारी ही बाई एका पोराच्या सांगण्यावरून कागदाला चित्र म्हणतेय आणि तो तिला राजरोस बनवतोय, एवढंच मला दिसत होतं. तो मुलगा दिवाळीला त्यांच्याकडं फराळाला यायचा, त्यांना बँकेत घेऊन जायचा, बिघडलेला गॅसचा लायटर दुरुस्त करून द्यायचा. अशा माणसाकडं मी अधिकच बारकाईनं बघत असे.

सहा वर्षांपूर्वी मी आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मुलीच्या साखरपुड्याला पुण्याला गेले होते. कार्यक्रम हॉटेलात होता. हात धुवायला जाताना कोपऱ्यातल्या भिंतीवर मला ती म्हातारी दिसली. तोच लाल गॉगल, तोच गुलाबी फुगा. जवळ जाऊन पाहिलं तर खाली पेन्सिलीनं श्रीनिवासची सही आणि क्रमांक… पन्नासातली सतरावी. मी मोबाईलवर फोटो काढला. मग आणखी जवळून आकड्याचा काढला. त्या साखरपुड्यात मी काय जेवले ते मला आठवत नाही, पण परत येताना गाडीत तो फोटो मी कितीदा मोठा करून पाहिला ते आठवतं. मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अक्कांकडं गेले आणि फोन त्यांच्यापुढं ठेवला. अक्कांनी फोटो पाहिला, उठून आपल्या भिंतीवरची चौकट पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. मला वाटलं होतं त्या वाद घालतील. त्यांनी तिथल्या तिथं श्रीनिवासला फोन लावला. कानाला कमी ऐकू यायला लागल्यापासून त्या फोन मोठ्या आवाजावर ठेवत, त्यामुळं दोन्हीकडचं मी ऐकलं.

"एका क्रमांकाच्या दोन प्रती कशा?" अक्कांनी विचारलं.

"कसल्या दोन, मॅडम? मी न्हाय काढली. तुमी सोता बसून बघितलंय की सगळं."

"म्हातारी छापलीस तेव्हा मी कुठं होते? मी फक्त धुताना बघितलं. त्याआधी तू काय केलंस आणि नंतर माझ्यामागं काय केलंस, मला काय माहीत."

तो म्हणाला, "नऊ वर्सं झाली मॅडम तुमी येताय," आणि त्यानं फोन ठेवला.

चार दिवसांनी अक्का एकट्या सकाळच्या गाडीनं पुण्याला गेल्या आणि त्याच संध्याकाळी परत आल्या. मी मुद्दाम स्टेशनवर घ्यायला गेले होते. "काय निघालं?" मी रिक्षात बसल्या बसल्या विचारलं. "निघायचं ते निघालं," त्या म्हणाल्या आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. मी माझा अर्थ लावला. पोरगा लबाड ठरला, आणि ते माझ्यापुढं कबूल करायला अक्कांना जड जातंय. श्रीनिवास त्यांच्याकडं यायचा बंद झाला. रविवारचं साखर पेठेत जाणं संपलं. बाहेरगावच्या नळ्या यायच्याही थांबल्या. "पुरे झालं आता," असं म्हणाल्या. त्यांच्या भिंतीवरची चित्रं होती तिथंच राहिली, पण त्यांच्याविषयी त्या बोलेनाशा झाल्या. फोटो मी दाखवला म्हणून त्या मला एकदाही टाकून बोलल्या नाहीत. उलट त्या वर्षी संक्रांतीला माझ्यासाठी इरकल घेऊन आल्या. त्यातही काही हेतू आहे का, म्हणून मी त्या साडीची दोन महिने घडी मोडली नव्हती.

माझं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. त्याच सुमारास आमच्या शाळेच्या कुंपणाची लांबलचक भिंत रंगवून घ्यायचं घाटत होतं आणि काम श्रीनिवासला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन सांगितलं, त्या मुलाविषयी काही बरं ऐकलेलं नाही, आमच्या घरातलाच अनुभव आहे. पुढं कुणी मला काही विचारलं नाही. भिंतीला पिवळा रंग दिला गेला.

अक्का गेल्या आणि तेराव्यानंतर चार दिवसांनी शिवलीलाताई आमच्याकडं आल्या. त्यांचं नवी पेठेत साडीला फॉल-पिको करायचं दुकान आहे. हातात पुठ्ठ्याची लांब नळी. "हे तुमच्या नावानं आलंय दुकानावर," म्हणाल्या आणि चहा न घेता जायला निघाल्या. नळीवर खरंच माझं नाव होतं, सौ. सुनंदा असं, पूर्ण, आडनावासकट. पत्ता शिवलीलाताईंच्या दुकानाचा. पाठवणाऱ्याचं नाव श्रीनिवास. मी कधी काही मागवलेलं नव्हतं. मी त्यांना दारातच अडवलं.

"माझ्या नावानं तुमच्या दुकानावर का येतंय?"

"मला काय विचारू नका ओ. अक्कांनी सांगितलंतं, येईल ते ठेवून घे आणि मला आणून दे. मी देत होते आणून."

"किती दिवस?"

शिवलीलाताईंनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "चार वर्सं झाली असतील की."

मी त्यांना तसंच सोडून किल्ली आणि ती नळी घेतली आणि अक्कांच्या घरी गेले. सगळं घर पालथं घातलं. माझ्या नावावर आणखी काय काय केलंय, कुठं सह्या केल्यात, कुठल्या कागदावर माझा फोटो चिकटवलाय, हेच डोक्यात. पलंगाखालच्या पेटीमागं अकरा नळ्या सापडल्या. प्रत्येकीवर माझं नाव. मी जमिनीवर बसून एकेक उघडली. सगळी चित्रं श्रीनिवासची, मी कधीच न पाहिलेली. दहा बोटांत दहा अंगठ्या घातलेला सायकल दुरुस्त करणारा, मागावर बसलेली मांजर, शेंगाचटणीच्या पुडीतून उडणारं विमान… आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीनं तोच क्रमांक. पन्नासातली सतरावी. अकराच्या अकरा. बारावी, आज आलेली, उघडली तर तिच्यावरही सतराच. एखाद्या माणसाला दर वेळी सतरावीच प्रत कशी मिळेल? माझी आता खात्रीच झाली, यात मोठी भानगड आहे.

पेटीत खाली एक नोंदवही होती. कोर्टात वापरतात तशी, लाल कापडी पाठीची. एकेका चित्रासाठी एकेक ओळ. चित्राचं नाव, चित्रकार, क्रमांक, कागद, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. पहिल्याच पानावर म्हातारीची ओळ होती आणि तिच्यापुढं वेगळ्या शाईनं, नंतर लिहिलेला शेरा. "पुणे येथील प्रत समक्ष पाहिली. भिंगाखाली ठिपके स्पष्ट. शाई चढलेली नाही. फोटोवरून यंत्रावर काढलेली बनावट नक्कल, क्रमांक व सहीसह. श्रीनिवासची प्रत खरी. त्याच्यावर मी केलेला आरोप चुकीचा होता." खाली पूर्ण सही आणि तारीख, पुण्याहून आल्या त्या संध्याकाळची.

अक्कांनी आपल्या भिंतीवरच्या त्या चित्राचा फोटो कुणा पाहुण्याला काढू दिला असेल, तो फिरत फिरत कुठल्या तरी छपाईवाल्याकडं गेला असेल, आणि त्यानं आकड्यासकट उतरवला असेल. एवढं साधं. आणि अक्कांना ते पुण्यात पाच मिनिटांत कळलं होतं. रिक्षात माझ्या शेजारी बसलेल्या असताना त्यांना ते माहीत होतं.

मी पुन्हा शिवलीलाताईंकडं गेले. या वेळी त्यांनी बसायला सांगितलं आणि सगळं बोलल्या. पुण्याहून आल्यावर अक्कांनी श्रीनिवासला कितीतरी फोन केले, त्यानं उचलले नाहीत. दोनदा त्या त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आल्या. "पाय उचलंना, म्हणायच्या. माझ्याकडनं इतक्या वर्सांत एक नक्कल चुकली न्हाय आणि माणूस चुकला, म्हणायच्या." मग कधीतरी त्यांनी माझ्या नावानं एक ई-मेल उघडला आणि त्यावरून त्याची चित्रं मागवायला सुरुवात केली. त्यांनी आपल्या नावानं मागवलं असतं तर त्यानं दिलं नसतं, अशी त्यांना भीती.

"पण माझंच नाव का?" मी विचारलं. "तुमचं का नाही?"

शिवलीलाताई माझ्याकडं न बघता बोलल्या. "मी बी विचारलंतं. म्हणाल्या, मी गेल्यावर सुनंदाला संशय आल्याशिवाय राहायचा न्हाय. आणि तिला एकदा संशय आला की ती मुळापर्यंत जाते. माझ्याच्यानं जिथं जाववलं न्हाय तितं ती जाईल."

मी उठून घरी आले. दिलीपना काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात मला नीट जेवण गेलं नाही… मनात अजूनही एक वळवळ होतीच, की शिवलीलाताई आपल्या पदरचं घालून बोलल्या असतील. पण ते वाक्य अक्कांचं होतं. बत्तीस वर्षं मी त्यांना ओळखत होते, आणि त्या मला.

रविवारी सकाळी नोंदवही पिशवीत घालून मी साखर पेठेत गेले. कारखाना आता श्रीनिवासच चालवतो. काका थकले. आत शाईचा आणि रॉकेलचा वास, भिंतीला लागून चौकटींच्या थप्प्या. तो टेबलापाशी कागद लावत होता. केस पिकायला लागलेले, चष्मा आलेला. अक्का गेल्याचं त्याला शेवटची नळी पाठवल्यानंतर कळलं होतं. मी माझं नाव सांगितलं आणि मनाशी जुळवून आणलेलं बोलायला लागले, की गेली चार वर्षं माझ्या नावानं जी चित्रं मागवली गेली…

"अक्का मागवायच्या," तो म्हणाला. "म्हाईत हाय मला."

तो रंग ओढायची रबराची पट्टी फडक्यानं पुसत राहिला.

"पयल्या ई-मेललाच वाटलंतं. विषय, संदर्भ, एक, दोन, तीन असे मुद्दे घालून चित्र कोण मागवतं मॅडम? वरनं तुमचं नाव. तुमच्या शाळेची भिंत का गेली ते शिपायानं मला सांगितलंतं. ज्या बाईनं भिंत घालवली, तीच बाई दर तीन-चार म्हैन्याला माझं चित्र मागवायलीय, हे कसं पटावं?"

म्हणजे जे मी आज सांगायला आले होते आणि जे सांगायचं धाडस होईल की नाही याची मला खात्री नव्हती, ते त्याला सहा वर्षं माहीत होतं. मी तरीही सांगितलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत मी काय शब्द वापरले तेही सांगितलं, साखरपुड्यातल्या फोटोचा मला आनंद झाला होता हेही सांगितलं. त्यानं मला मध्ये थांबवलं नाही आणि नंतर तो "जाऊ द्या" असंही म्हणाला नाही. त्या भिंतीच्या कामासाठी त्यानं दोन महिने बसून चित्रं काढून ठेवली होती, एवढंच म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत त्यांच्याशी?" मी विचारलं.

"बोललो असतो तर त्या थांबल्या असत्या. लाजून. मग चित्र बी गेलं असतं नि त्या बी." त्यानं फडकं खाली ठेवलं. "म्हणून सतरा नंबर काढून ठेवायचो. त्यांनी कधी मागितला न्हवता. मी आपला पाठवायचो. त्यांना कळत असंल असं वाटायचं."

मी नोंदवही काढून पहिलं पान त्याच्यापुढं धरलं. त्यानं शेरा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग मी मागची पानं उलटून दाखवली. माझ्या नावानं आलेल्या त्या अकरा चित्रांच्या ओळी तिथं होत्या, आणि प्रत्येकीच्या शेऱ्यात एकच शब्द, "पोचलं." तो शब्द मी घरी वाचला होता तेव्हा टपाल पोचल्याची नोंद असेल असं समजले होते. श्रीनिवास त्या ओळींवरून बोट फिरवत बराच वेळ उभा होता. वहीवर थेंब पडला तसा त्यानं तो शर्टाच्या बाहीनं लगेच टिपला, शाई पसरू नये म्हणून.

मी निघाले तर म्हणाला, "थांबा की. आज छपाई हाय. बसा." आणि त्यानं कोपऱ्यातली एक घडीची लोखंडी खुर्ची दाखवली. तिच्यावर टॉवेल टाकलेला होता. "अक्कांची हाय. कुणाला बसू देत न्हाय मी. तुमी बसा."

मी टॉवेल बाजूला करून बसले. श्रीनिवासनं पहिला रंग ओढायला घेतला. रबराची पट्टी जाळीवरून सरकल्याचा आवाज मला आला, पण टेबल दिसेना. मध्ये रद्दी कागदाचं उंच कपाट होतं. मान वाकडी केली, पुढं झुकले, तरी त्याचे हात दिसेनात, कागदांची थप्पी दिसेना. एकावन्न प्रती काढल्या असत्या तरी तिथं बसलेल्या माणसाला कळलं नसतं. समोर दिसत होती फक्त या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेली तार. चिमट्यांना लावलेली ओली चित्रं तिच्यावर एकेक करून येत होती आणि पंख्याच्या वाऱ्यानं हळूहळू हलत होती.

"ही खुर्ची पहिल्यापासून इथंच का?" मी कपाटाआडून विचारलं.

"व्हय," पलीकडून तो म्हणाला. "पयल्या रविवारी त्यांनीच आणून ठेवली. मी म्हणालतो, मॅडम, हितनं तुमाला काय दिसणार न्हाय. म्हणाल्या, मला दिसतंय."